टोकियो शहराचा प्रशासकीय इतिहास कसा मांडावा : कोकणातील अभ्यासकांसाठी

मुरूडमधल्या एखाद्या जुन्या घराण्याच्या दप्तरात एकाच घराचा पत्ता तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. १९४८ पूर्वीच्या कागदांवर जंजिरा संस्थान असते, त्यानंतरच्या कागदांवर जिल्हा कुलाबा आणि १९८१ पासून जिल्हा रायगड. मालवणात जन्मलेल्या वडीलधाऱ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी असतो आणि त्यांच्या नातवंडांच्या दाखल्यावर सिंधुदुर्ग. घर जागेवरच राहिले आणि त्याच्याभोवतीची रेघ बदलली, हे कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. टोकियोचा प्रशासकीय इतिहास लिहिताना नेमकी हीच समज लागते, कारण ज्याला आपण आज सहज 'टोकियो शहर' म्हणतो त्या नावाची नगरपालिका १८८९ ते १९४३ एवढाच काळ अस्तित्वात होती. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि भूगोल शिकवणाऱ्यांनी हा विषय कोणत्या क्रमाने हाती घ्यावा, हे पुढे सांगितले आहे.

सर्वांत आधी तीन संस्था एकमेकींपासून वेगळ्या कराव्यात. 'टोकियो-फू' हा आपल्या जिल्ह्यासारखा, पण त्याहून मोठ्या अधिकाराचा प्रांत होता आणि तो १८६८ पासून १९४३ पर्यंत टिकला. 'टोकियो-शि' म्हणजे टोकियो शहर ही त्या प्रांतातली नगरपालिका होती. 'टोकियो-तो' हे १ जुलै १९४३ रोजी या दोहोंच्या जागी आलेले आणि आजही चालू असलेले महानगरी शासन आहे. रत्नागिरी म्हटले की जिल्हा, तालुका की शहर, असा प्रश्न आपण लगेच विचारतो. टोकियो हे नाव भेटेल तेथे तोच प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत पुढचे वाक्य लिहू नये. इंग्रजी लेखनात या तिन्हींसाठी बहुधा एकच नाव वापरलेले असते आणि तेच मराठीत जसेच्या तसे उतरते. माझ्या मते या विषयावरच्या मराठी मजकुरातला सर्वांत मोठा गोंधळ याच एका कारणाने होतो.

त्यानंतर सनावळी तयार करावी, परंतु तिच्यात प्रत्येक घटना घालू नये. ज्या दिवशी हद्द बदलली किंवा कारभार कोणाच्या हाती राहील हे बदलले, तेवढेच दिवस घ्यावेत आणि हद्द व सत्ता यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत. १८६८ मध्ये एदोचे नाव टोकियो झाले. १८७८ च्या कायद्याने टोकियो-फूमध्ये १५ प्रभाग, म्हणजे 'कु', आणि ६ 'गुन' आखले गेले. गुन हा साधारणपणे आपल्या तालुक्यासारखा ग्रामीण विभाग असे. १ मे १८८९ रोजी ते १५ प्रभाग एकत्र करून टोकियो शहर स्थापन झाले. महाराष्ट्राचा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचाही स्थापना दिन १ मे असल्यामुळे ही तारीख आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात राहते.

दोन रकाने कशासाठी, हे १८८९ पासूनच दिसते. हद्दीच्या रकान्यात शहर जन्माला आले खरे, पण सत्तेच्या रकान्यात फारसे काही बदलले नाही, कारण टोकियो, क्योतो आणि ओसाका या तीन शहरांना विशेष नियम लावून स्वतंत्र महापौर नाकारण्यात आला होता आणि फूचा राज्यपालच महापौराचे काम पाहत असे. इंग्रजी अमलात आपल्याकडेही अनेक ठिकाणी कलेक्टरच नगरपालिकेचा अध्यक्ष असे. निवडणुका लांबल्या की नगरपालिकेवर प्रशासक बसतो आणि तेव्हा लोकांना जे वाटते, तेच तेथील नागरिकांना वाटत होते. त्यांनी सतत मागणी केल्यावर १ ऑक्टोबर १८९८ रोजी हे विशेष नियम रद्द झाले आणि शहराला स्वतःचा महापौर मिळाला. १ ऑक्टोबर हा दिवस तेथे आजही टोकियोच्या नागरिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. शहराचा वाढदिवस मानायचा तर १८८९ चा की १८९८ चा, यावर दोन मते होऊ शकतात. मी १८९८ ला अधिक वजन देतो, कारण नगरपालिकेला अर्थ येतो तो तिच्या स्वतःच्या कारभाऱ्यामुळे.

तारखा उतरवताना जपानी सन इसवी सनात बदलावे लागतात. शके सनात ७८ मिळवण्याची सवय असलेल्यांना हे अवघड नाही. मेइजी सनात १८६७, ताइशो सनात १९११ आणि शोवा सनात १९२५ मिळवावेत. मेइजी २२ म्हणजे १८८९ आणि शोवा ७ म्हणजे १९३२. १९२६ हे वर्ष मात्र ताइशो १५ आणि शोवा १ अशा दोन्ही नावांनी येते. याशिवाय १८७३ च्या आरंभापासून जपानने ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले असल्याने त्यापूर्वीच्या महिना-तारखा जुन्या चांद्र पंचांगातल्या असतात. एदोचे नाव बदलले तो सातव्या महिन्याचा सतरावा दिवस आपल्या हिशेबाने ३ सप्टेंबर १८६८ ठरतो. 'सातवा महिना' वाचून जुलै लिहिणे ही नेहमीची चूक आहे.

आता प्रभागांकडे वळू, कारण खरे काम तेथेच आहे. मूळचे १५ प्रभाग असे होते : कोजिमाची, कांडा, निहोम्बाशी, क्योबाशी, शिबा, अझाबू, अकासाका, योत्सुया, उशिगोमे, कोइशिकावा, होंगो, शिताया, असाकुसा, होंजो आणि फुकागावा. हे सारे मिळून क्षेत्र सुमारे ८१ चौरस किलोमीटर होते. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत निहोम्बाशी, असाकुसा, होंजो, फुकागावा हे दाट वस्तीचे भाग बेचिराख झाले आणि लोक रेल्वेच्या आधाराने शहराबाहेरच्या गावांत राहायला गेले. १९२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २१.७ लाख होती, ती १९२५ मध्ये २० लाखांच्या किंचित खाली आली आणि १९३० मध्ये सुमारे २०.७ लाख झाली. म्हणजे ज्या दशकात टोकियो परिसर झपाट्याने फुगत होता, त्याच दशकात टोकियो शहर कागदावर आकसले होते, कारण वाढ हद्दीच्या बाहेर होत होती.

त्यावर उपाय म्हणून १ ऑक्टोबर १९३२ रोजी भोवतालच्या पाच गुनांतली ८२ शहरवजा गावे व खेडी शहरात घेण्यात आली. (१८७८ च्या सहा गुनांपैकी दोन १८९६ मध्ये एकत्र होऊन तोयोतामा झाला होता, म्हणून येथे पाच.) त्यांतून २० नवे प्रभाग झाले आणि एकूण संख्या ३५ वर गेली : शिनागावा, मेगुरो, एबारा, ओमोरी, कामाता, सेतागाया, शिबुया, योदोबाशी, नाकानो, सुगिनामी, तोशिमा, ताकिनोगावा, अराकावा, ओजी, इताबाशी, अदाची, मुकोजिमा, जोतो, कात्सुशिका आणि एदोगावा. क्षेत्र सुमारे ५५० चौरस किलोमीटर झाले आणि १९३५ च्या जनगणनेत लोकसंख्या ५८ लाखांवर दिसली. पाच वर्षांत लोकसंख्या जवळजवळ तिप्पट झाली, असे कोणी लिहिले तर ते वाक्य आकड्यांनी बरोबर आणि अर्थाने चूक ठरते. १९३२ नंतरची हद्द १९३० च्या आकड्यांना लावली, तर तेव्हाच तेथे सुमारे ५० लाख माणसे राहत होती. म्हणून लोकसंख्येचा प्रत्येक आकडा कोणत्या हद्दीचा आहे, हे त्याच्या शेजारीच लिहावे. १९८१ पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आजच्या रत्नागिरीशी ताडून पाहणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. १९३६ मध्ये किनुता आणि चितोसे ही दोन गावे सेतागायाला जोडली गेली आणि शहराची हद्द पूर्ण झाली.

नावांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. एबारा हे आधी एका मोठ्या गुनाचे नाव होते, १९३२ नंतर ते एका लहानशा प्रभागाचे झाले आणि १९४७ नंतर कोणत्याही प्रभागाचे राहिले नाही. शिनागावा हा प्रभाग १९४७ च्या आधीही होता आणि नंतरही आहे, पण नंतरच्यात एबारा मिसळलेला आहे. अदाचीचे मात्र सोपे आहे, कारण सगळा मिनामी-अदाची गुन तसाच अदाची प्रभाग झाला. यासाठी प्रत्येक प्रभागाची वंशावळ काढावी आणि नावापुढे त्या नावाची वर्षे द्यावीत.

जुन्या पत्त्याचा काळ कसा ओळखावा, हे एका उदाहरणावर करून पाहू. एखाद्या पाकिटावर 'टोकियो-फू, टोकियो-शि, क्योबाशी-कु, गिंझा' असे लिहिले असेल, तर फू आणि शि दोन्ही असल्यामुळे ते १८८९ नंतरचे आणि जून १९४३ पर्यंतचे धरावे. 'टोकियो-तो, क्योबाशी-कु' असेल तर काळ जुलै १९४३ ते मार्च १९४७ एवढा अरुंद होतो, कारण त्यानंतर गिंझा चुओ-कुमध्ये आहे. आता दुसरे पाकीट घ्या : 'टोकियो-फू, तोयोतामा-गुन, शिबुया-माची'. येथे 'शि' नाहीच, कारण शिबुया तेव्हा शहराबाहेर होते. १९०९ मध्ये शिबुयाला 'माची', म्हणजे शहरवजा गावाचा दर्जा मिळाला आणि १९३२ मध्ये ते शहरात गेले, त्यामुळे पत्र त्या दोन वर्षांच्या मधले. आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असलेला हाचिको कुत्रा ज्या प्राध्यापकांची वाट पाहत असे, ते १९२५ मध्ये वारले, तेव्हा शिबुया स्थानक टोकियो शहरात नव्हते. १९३४ मध्ये हाचिकोचा पुतळा उभारला गेला तेव्हा ते शिबुया प्रभागात आले होते. जपानी भाषा येत नसली तरी फू, शि, तो, कु, गुन, माची आणि मुरा, म्हणजे खेडे, एवढी सात अक्षरचिन्हे ओळखता आली की जुन्या नकाशांवर आणि पाकिटांवर हे काम करता येते. विद्यार्थ्यांकडून हे आधी आपल्याच घरातल्या कागदांवर करवून घ्यावे.

१९४३ चा बदल सत्तेच्या रकान्यात ठळकपणे नोंदवावा. युद्धकाळात फू आणि शहर हा दुहेरी कारभार केंद्र सरकारला नको होता, म्हणून दोन्ही मोडून 'तो' निर्माण केला गेला आणि त्यावर सरकारनियुक्त प्रमुख बसवण्यात आला. पहिले प्रमुख ओदाची शिगेओ हे त्याआधी जपानने जिंकलेल्या सिंगापूरचे महापौर होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मिळवलेला महापौर असा गेला, आणि शहर या नात्याने टोकियोला तो पुन्हा कधीच मिळाला नाही. ३५ प्रभाग मात्र थेट 'तो'च्या हाताखाली तसेच राहिले, हे विसरू नये.

बाँबहल्ल्यांनी मधले प्रभाग ओस पडले आणि प्रभागाप्रभागांतल्या लोकसंख्येत फार मोठी तफावत झाली, म्हणून १५ मार्च १९४७ रोजी ३५ चे २२ प्रभाग करण्यात आले. वंशावळीच्या तक्त्यासाठी जोड्या अशा आहेत : कोजिमाची आणि कांडा मिळून चियोदा, निहोम्बाशी आणि क्योबाशी मिळून चुओ, शिबा, अझाबू आणि अकासाका मिळून मिनातो, योत्सुया, उशिगोमे आणि योदोबाशी मिळून शिंजुकु, कोइशिकावा आणि होंगो मिळून बुंक्यो, शिताया आणि असाकुसा मिळून ताइतो, होंजो आणि मुकोजिमा मिळून सुमिदा, फुकागावा आणि जोतो मिळून कोतो, ओमोरी आणि कामाता मिळून ओता, ताकिनोगावा आणि ओजी मिळून किता. शिनागावा-एबारा वर आलेच आहेत. बाकीचे प्रभाग आपापल्या नावाने पुढे चालू राहिले. त्याच वर्षी १ ऑगस्टला इताबाशीतून नेरिमा वेगळा झाला आणि २३ ही आजची संख्या झाली. यांतल्या सुमिदा आणि कोतोच्या जोड्या मला विशेष बोलक्या वाटतात, कारण त्यांत १८७८ च्या जुन्या शहराचा एक भाग आणि १९३२ मध्ये आत आलेला एक भाग शेजारी शेजारी बसवलेला दिसतो.

पुढचे थोडक्यात. ३ मे १९४७ च्या स्थानिक स्वायत्तता कायद्याने हे 'विशेष प्रभाग' ठरले. १९५२ मध्ये त्यांच्या प्रमुखांची थेट निवडणूक बंद झाली, १९७५ मध्ये ती परत आली आणि २००० पासून कायद्याने त्यांना मूलभूत स्थानिक संस्थेचा दर्जा मिळाला. आजच्या काळाबद्दल लिहिताना 'टोकियो शहर' असे न लिहिता २३ प्रभागांबद्दल बोलायचे असेल तर 'टोकियोचे २३ विशेष प्रभाग' आणि सगळ्या महानगराबद्दल बोलायचे असेल तर 'टोकियो महानगर' असे लिहावे. पश्चिमेकडच्या तामा भागाचे तीन गुन १८९३ मध्ये शेजारच्या कानागावा प्रांतातून टोकियो-फूमध्ये आले, इझू बेटे १८७८ मध्ये आणि ओगासावारा बेटे १८८० मध्ये आली. किनुता आणि चितोसे ही दोन गावे सोडली तर यांतला कोणताही भाग टोकियो शहराचा कधीच नव्हता, म्हणून शहराच्या नकाशात तो रंगवू नये आणि फूच्या नकाशातून वगळू नये.