रायझरमधील स्लगिंग आवरताना या चुका टाळा

उमेदीची वर्षे समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर काढून मी सोलापुरात परतलो, तरी स्लगिंगने, म्हणजे वाहिनीतून द्रव आणि वायू आळीपाळीने लोंढ्यांनी येण्याने, माझी पाठ सोडलेली नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले दरवर्षी हाच प्रकल्प घेऊन येतात, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका स्नेह्याच्या शेडमध्ये पारदर्शक नळी, पंप आणि कॉम्प्रेसर यांची मांडणी उभी राहते. चुका मात्र दरवर्षी त्याच होतात, आणि त्यांपैकी बहुतेक मी समुद्रावर मुरलेल्या माणसांकडूनही होताना पाहिल्या आहेत.

समुद्रतळावरची वाहिनी उताराने येऊन रायझरच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मवर चढणाऱ्या उभ्या नळाच्या, पायथ्याला मिळते, तेथे प्रवाह मंद असला की द्रव साचतो आणि वायूची वाट बंद होते. मागे वायू दबत राहतो, पुढे रायझरमध्ये द्रवाचा स्तंभ चढत जातो. अखेर वायूचा दाब वरचढ ठरला की सगळा स्तंभ एकदम सेपरेटरमध्ये, म्हणजे द्रव आणि वायू वेगळे करणाऱ्या भांड्यात, येऊन आदळतो, पाठोपाठ वायू सुसाट निघून जातो, उरलेला द्रव खाली घसरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. मुंबई हायसारख्या सुमारे ७५ मीटर खोलीच्या पाण्यात रायझर काठोकाठ भरला, तर पायथ्याशी सहा-सात बारचा भार सहज पडतो.

हे चक्र पाहताना नवशिक्यांची नजर रायझरवर खिळते आणि मागच्या वायूचा विसर पडतो. एका वर्षी मुलांनी चार मीटरचा रायझर आणि त्यामागे बारा मीटरची इंचभर व्यासाची नळी जोडली, पण दोन आठवडे झाले तरी बुडबुड्यांपलीकडे काही दिसेना. “सर, पंप अजून वाढवू का?” हा एकच प्रश्न मला रोज ऐकावा लागत असे. प्रवाह वाढवला की हे चक्र उलट मोडते, हे सांगूनही पंपाच्या व्हॉल्व्हवरचा हात काही निघत नव्हता. खरी अडचण अशी होती की बारा मीटर नळीत मावतो जेमतेम सहा लिटर वायू; तो इतक्या लवकर दाबला जातो की स्तंभ चढण्याआधीच त्याला फोडून बाहेर पडतो. पायथ्याशी द्रवाचा भार ज्या वेगाने वाढतो, त्याहून वायूचा दाब सावकाश वाढला पाहिजे. संशोधक ब्यो यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या अटीचे सार हेच आहे. समुद्रात काही किलोमीटर लांबीची वाहिनी हे काम आपोआप करते. आम्ही भंगारातून हवेची शंभर लिटरची टाकी आणली, तिच्याआधी नीडल व्हॉल्व्ह (प्रवाह बारकाईने जुळवणारी झडप) बसवून हवेचा पुरवठा एकसारखा केला, आणि त्याच संध्याकाळी शेडच्या पत्र्यापर्यंत कारंजे उडाले.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे. सेपरेटरची पातळी वर-खाली होऊ लागली की स्लगिंगचे निदान करून मोकळे होण्याची घाई सर्वांनाच असते. एका प्लॅटफॉर्मवर साधारण वीस मिनिटांच्या अंतराने पातळी झुलत होती. नऊ दिवस पातळी राखणाऱ्या कंट्रोलरचे आकडे बदलण्यात गेले आणि मोठा स्लग कॅचर, म्हणजे द्रवाचे लोंढे झेलणारे भांडे, बसवण्याचा प्रस्तावही लिहून झाला. एका रात्रपाळीत मी परवानगी घेऊन लूप (मापन, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) मॅन्युअलवर टाकला, म्हणजे कंट्रोलरला बाजूला केले, व्हॉल्व्ह आहे त्या जागी स्थिर ठेवला आणि चहा घेऊन ट्रेंडसमोर, म्हणजे पातळीच्या आलेखासमोर, बसलो. दोन तास रेघ सरळ राहिली. गळती थांबवण्यासाठी कोणीतरी व्हॉल्व्हचे पॅकिंग इतके आवळले होते की स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) अडकत अडकत सरकत होता, आणि तो झोका कंट्रोलर व व्हॉल्व्ह यांनी मिळून निर्माण केला होता. झोका मॅन्युअलवर थांबला तर दोष लूपमध्ये आणि चालूच राहिला तर प्रवाहात किंवा त्याच्याही मागे, एवढी परीक्षा केल्याशिवाय मी आजही ट्यूनिंगला, म्हणजे कंट्रोलरचे आकडे जुळवण्याला, हात लावत नाही. मात्र कंट्रोलरनेच स्लगिंग दाबून धरले असेल, तर मॅन्युअलवर टाकताच ते उसळते. म्हणून ट्रिपची, म्हणजे यंत्रणा आपोआप बंद पडण्याची, मर्यादा आधी पाहून घ्यावी.

चोक, म्हणजे रायझरच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह, आवळून टाकणे हा आळशी उपाय आहे. त्याने स्लगिंग थांबते हे खरे, परंतु वाढलेला दाब थेट विहिरींपर्यंत पोहोचतो आणि उत्पादन घटते. रायझरच्या पायथ्याचा दाब मोजून चोक सतत हलवत ठेवला, तर एरवी स्लगिंग झाले असते अशा मोठ्या उघडीपवरही, म्हणजे चोक बराच उघडा असतानाही, प्रवाह स्थिर ठेवता येतो. नॉर्वेच्या एनटीएनयू या विद्यापीठात प्राध्यापक स्कोगेस्टाड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे गणिताने आणि प्रयोगानेही दाखवून दिले आहे.

सोय म्हणून दाबाचा ट्रान्समीटर (मापक) केवळ वर, चोकच्या आधी बसवू नये, कारण तेथील दाब आधी उलट्या दिशेने जाऊन मग सुलट होतो आणि कंट्रोलर फसतो. सेपरेटरची पातळी रेघेवर धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. ते भांडे थोडे झुलण्यासाठीच असते. आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली पारदर्शक नळी मऊ पडून क्लॅम्पांमध्ये झोळ धरते, तेव्हा रायझरचा पायथा सोडून भलत्याच ठिकाणी पाणी साचू लागते. क्लॅम्प हातभर अंतरावर लावावेत.

लहान उघडीपवर जुळवलेले ट्यूनिंग मोठ्या उघडीपवर चालेल, असे गृहीत धरू नये. चोक जसजसा उघडतो तसतसा त्याचा दाबावरचा प्रभाव कमी होत जातो, आणि तोच गेन (कंट्रोलरच्या प्रतिसादाची तीव्रता) तेथे अपुरा पडतो. माझी सवय अशी आहे की प्रवाह आपोआप स्थिर राहील इतका चोक मिटवून लूप ऑटोवर घ्यायचा, मग सेटपॉइंट (दाबाचे ठरवलेले लक्ष्य) थोडाथोडा खाली आणत प्रत्येक पायरीला स्लगिंगच्या चार-पाच चक्रांइतका वेळ थांबायचे आणि गरज पडली तरच गेन वाढवायचा. शेडमध्ये एवढे करण्यात अख्खी दुपार जाते. मुले तिसऱ्या पायरीलाच चोक सताड उघडतात आणि मग पोछा शोधत फिरतात.