ल्युकेमियाच्या जनुकीय अहवालातील नियंत्रक प्रथिने कशी समजून घ्यावीत

तीव्र ल्युकेमियाच्या निदानानंतर रुग्णाच्या फाइलमध्ये साधारणपणे दोन प्रकारचे अहवाल जमा होतात. अस्थिमज्जेच्या तपासणीतून अपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, किती प्रमाणात आहेत ते कळते. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या व रचना पाहणे), फिश (चमकत्या खुणांनी गुणसूत्राचा ठरावीक भाग शोधणे) आणि एनजीएस (अनेक जनुकांचा क्रम एकाच वेळी वाचणे) या तपासण्यांतून त्या पेशी अपक्व का राहिल्या याचा माग लागतो. हा दुसरा अहवाल हाती आला की नजर थेट ‘धोका कमी की जास्त’ या ओळीकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु अहवालात नोंदलेले प्रथिन निरोगी पेशीत कोणते काम करत होते, बिघाडानंतर ते काय करू लागले आणि त्याच्या जोडीला आणखी कोणता बिघाड आहे, हे तीन प्रश्न हाताशी ठेवले तर डॉक्टरांशी होणारे बोलणे अधिक नेमके होते. उपचाराचा निर्णय मात्र त्यांचाच असतो.

प्रथम निरोगी स्थिती लक्षात घ्यावी. अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तयार होतात. या सर्व पेशींतील जनुके जवळजवळ सारखीच असतात. फरक पडतो तो कोणती जनुके चालू आणि कोणती बंद आहेत यामुळे. हे ठरवण्यात जनुक-नियंत्रक प्रथिनांचा मोठा वाटा असतो. ती डीएनएवरील ठरावीक जागी बसतात आणि तेथे इतर प्रथिनांना बोलावून जनुकाचे वाचन सुरू करवतात किंवा थांबवतात. रंक्स-१, सीईबीपी-अल्फा, गाटा-१ आणि इकारोस ही त्यांतील अहवालांत वारंवार भेटणारी नावे. यांपैकी एखादे प्रथिन बिघडले की पेशीची परिपक्व होण्याची वाट मध्येच अडते.

आता कॅरिओटाइपची एक नमुना-ओळ पाहू: ४६,एक्सवाय,टी(८;२१)(क्यू२२;क्यू२२)[१८]/४६,एक्सवाय[२]. सुरुवातीला गुणसूत्रांची संख्या आणि लिंग-गुणसूत्रे असतात. ‘टी’ म्हणजे दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल. पुढच्या कंसात कोणती गुणसूत्रे, त्यानंतरच्या कंसात ती कोठे तुटली (‘क्यू’ ही लांब भुजा, ‘पी’ ही आखूड), आणि चौकटी कंसात किती पेशींत हे आढळले याची नोंद. येथे तपासलेल्या २० पेशींपैकी १८ पेशींत बदल आहे.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये वर्णन केलेली हीच ती अदलाबदल. तिच्यामुळे रंक्स-१चा डीएनएला धरणारा भाग रंक्स-१टी१ या प्रथिनाला जोडला जातो. जोडप्रथिन रंक्स-१च्या नेहमीच्या जागांवर जाऊन बसते, मात्र जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांऐवजी ती दडपणाऱ्या प्रथिनांना सोबत आणते, आणि परिपक्वतेसाठी लागणारी अनेक जनुके बंद राहतात. अहवालात ‘इन्व्ह(१६)’, म्हणजे १६व्या गुणसूत्राचा तुकडा उलटा बसलेला, असे असेल तर बिघाड रंक्स-१च्या जोडीदार प्रथिनात, सीबीएफ-बीटामध्ये, असतो. म्हणूनच हे दोन्ही प्रकार एकाच गटात मोडतात आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमियात तुलनेने अनुकूल मानले जातात.

प्रथिनाचे वर्तन समजल्याने उपचार कसा बदलतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण टी(१५;१७) हे आहे. यात पीएमएल हे प्रथिन रेटिनॉइक आम्लाला (‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूला) धरणाऱ्या ग्राहक-प्रथिनाला (रिसेप्टरला), आरएआर-अल्फाला, जोडले जाते. शरीरातील नेहमीच्या पातळीचे रेटिनॉइक आम्ल या जोडप्रथिनाला दडपशाहीतून सोडवू शकत नाही. औषधाच्या मात्रेत दिलेले एटीआरए, म्हणजे रेटिनॉइक आम्लाचेच एक रूप, ते करू शकते, आणि अडलेल्या पेशी परिपक्व होऊ लागतात. शांघायमधील गटाने २४ रुग्णांवरील हा अनुभव १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. आर्सेनिक ट्रायऑक्साइड तर पीएमएलच्या भागाला चिकटून जोडप्रथिनच नष्ट करवते; त्याच्या एकट्याच्या वापराविषयी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे काम महत्त्वाचे आहे. या प्रकारात आरंभीच गंभीर रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे केवळ दाट संशयावरही एटीआरए सुरू केले जाते. जनुकीय अहवाल येण्यापूर्वीच औषध का सुरू झाले, अशी शंका नातेवाइकांच्या मनात आली तर तिचे उत्तर हे आहे.

तिसरा प्रश्न ‘सोबत काय आहे’ हा. रंक्स-१चे जोडप्रथिन एकटे सहसा पुरेसे नसते. पुढे ल्युकेमिया झालेल्या काही मुलांच्या नवजात अवस्थेतील रक्ताच्या साठवलेल्या ठिपक्यांतही ते सापडले आहे, म्हणजे पहिला बिघाड जन्मापूर्वीचा आणि आजार काही वर्षांनंतरचा. परिपक्वता अडवणाऱ्या बदलाला केआयटी, एफएलटी-३ किंवा आरएएस यांसारख्या, पेशींची वाढ वेगवान करणाऱ्या बदलाची जोड मिळाल्याचे अनेकदा दिसते. एनजीएस अहवालात ही नावे वेगळी शोधावीत.

‘कॅरिओटाइप सामान्य’ या शब्दांवर मात्र एकट्याने विसंबू नये. लहान मुलांच्या बी-पेशींच्या ल्युकेमियातील ईटीव्ही-६ आणि रंक्स-१ यांची जोडणी, म्हणजे टी(१२;२१), साध्या कॅरिओटाइपमध्ये बहुधा दिसत नाही; तिच्यासाठी फिश किंवा आरएनएवरील तपासणी लागते. इकारोसच्या जनुकातील लहान तुटीही (गळालेले तुकडे) अशाच निसटतात, आणि त्या प्रतिकूल मानल्या जात असल्याने त्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारणे योग्य ठरते.

शेवटी एनजीएसमधील ‘व्हीएएफ’ हा आकडा, म्हणजे त्या जनुकाच्या वाचलेल्या प्रतींपैकी किती टक्के प्रतींत बदल आहे, तो पाहावा. रंक्स-१, सीईबीपीए (सीईबीपी-अल्फाचे जनुक), गाटा-२ किंवा ईटीव्ही-६ या जनुकांतील बदल ५० टक्क्यांच्या आसपास असेल आणि आजार आटोक्यात आल्यावरही तो तसाच राहिला, तर तो जन्मजात असण्याची शक्यता तपासावी लागते. रक्तात आणि लाळेत ल्युकेमियाच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात, म्हणून यासाठी त्वचेपासून वाढवलेल्या पेशींचा नमुना अधिक भरवशाचा. भाऊ किंवा बहीण अस्थिमज्जा देणार असतील तर हा प्रश्न प्रत्यारोपणाची तारीख ठरण्यापूर्वीच विचारावा, कारण तोच बदल दात्यातही असू शकतो.