लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स: मुलांसाठी सायकल चालवायची ठरवली असेल तर

ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला लँड्स एंड आणि पार ईशान्येला जॉन ओ'ग्रोट्स. नेहमीच्या मोटाररस्त्याने हे अंतर 1,407 किलोमीटर भरतं. सायकलवाले मोठे रस्ते टाळून गावांमधून जातात, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण 1,600 किलोमीटर होतात. बरं न होणारा आजार असलेल्या मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, म्हणजे हॉस्पिससाठी, निधी जमवत मी ही सफर पूर्ण केली. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे: सायकलपासून नाही, पैशांपासून.

सफरीचा खर्च आणि मुलांचा निधी हे दोन हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. राहणं, जेवण, रेल्वेचं तिकीट, नवे टायर, सगळं आपल्या खिशातून. काही आयोजित सफरींमध्ये जमवलेल्या निधीतूनच सहभागी व्यक्तीचा खर्च वळता होतो. ते नियमात बसतं, पण देणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे. मी स्वतः स्वखर्चाचाच मार्ग निवडला. "तुम्ही दिलेला प्रत्येक पौंड संस्थेकडे जातोय" हे वाक्य निःशंकपणे लिहिता आलं की लोकांपुढे हात पसरताना संकोच उरत नाही.

मग गिफ्ट एड समजून घ्या. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या माणसाने देणगी देताना गिफ्ट एडच्या चौकटीत खूण केली, की त्याच्या 10 पौंडांचे संस्थेला 12.50 पौंड मिळतात. वरची रक्कम त्याने भरलेल्या करातून येते. कितीतरी जण घाईत ती खूण करायची विसरतात, म्हणून निधीच्या पानावर पहिल्याच ओळीत आठवण लिहा. कंपनीने दिलेल्या देणगीला किंवा ब्रिटनमध्ये कर न भरणाऱ्या भारतातल्या काका-मावशीच्या देणगीला हे लागू होत नाही.

संस्था निवडताना तिथे एकदा जाऊन या. मुलांसाठी वेगळं हॉस्पिस ही कल्पना याच देशात रुजली. 1982 साली ऑक्सफर्डमध्ये सुरू झालेलं हेलन हाउस हे जगातलं पहिलं. हॉस्पिस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त शेवटचे दिवस येतात. प्रत्यक्षात अशा ठिकाणी बरीचशी मुलं अधूनमधून काही दिवस राहून घरी परततात. त्या दिवसांत रात्री दर थोड्या वेळाने उठून मुलाची कूस बदलणाऱ्या, श्वासाच्या यंत्राकडे कान लावून पडणाऱ्या आईवडिलांना सलग झोप मिळते. भावंडांनाही आईचा हात धरायला मिळतो. कुटुंबाकडून पैसे घेतले जात नाहीत आणि खर्चाचा मोठा भाग देणग्यांवर चालतो. हे पाहिल्यावर निधी मागताना काय लिहायचं ते आपोआप सुचलं. मुलांचे फोटो मात्र वापरू नका. संस्थेने पालकांच्या संमतीने दिलेला असेल तरच, आणि तोही कीव यावी असा नको. त्या मुलांनाही आवडीनिवडी आहेत, हट्ट आहेत. आपल्या आवाहनात तेवढा मान त्यांना मिळायलाच हवा.

आता रस्ता. बहुतेक जण दक्षिणेकडून उत्तरेला जातात, कारण इथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि पाठीवर मिळतो. कस लागतो तो सुरुवातीलाच. कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये डोंगर उंच नाहीत, पण अरुंद रस्ता ओढ्यापर्यंत धाडकन उतरतो आणि पलीकडे तसाच उभा चढतो. 20 टक्क्यांचे चढ एकामागून एक येतात. मागे मोठं दातचक्र बसवून घ्या आणि जिथे दम लागेल तिथे उतरून सायकल ढकला. पहिल्याच दिवशी गुडघे दुखावले तर पुढचं सगळं अवघड होतं. सेव्हर्न नदीवरचा जुना पूल ओलांडला की मधले दिवस सपाटीचे जातात. उत्तर इंग्लंडमध्ये शॅपचा चढ लांब आहे, पण सौम्य.

सराव करताना एकाच दिवशी खूप अंतर मारण्यापेक्षा लागोपाठ तीन-चार दिवस मध्यम अंतर चालवा. आदल्या दिवशीच्या जड पायांनी पुन्हा सीटवर बसायची सवय त्यातूनच लागते. भूक लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडं खा. रोज धुतलेली पॅडेड शॉर्ट घाला, कारण सीटखालचे फोड सफरी मोडतात. बोटं बधिर होऊ लागली तर हँडलवरची पकड सतत बदलत राहा.

स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसनंतर दोन वाटा आहेत. किनाऱ्याचा ए9 महामार्ग सरळ आहे, पण ट्रकांची वर्दळ असते. मी लेर्ग, आल्टनाहारा, बेटीहिल हा आतला मार्ग सुचवेन. तिथे रस्ता एकाच गाडीपुरता आहे. समोरून वाहन दिसलं की ठरावीक अंतरावरच्या रुंद जागेत थांबायचं. चालक हमखास हात वर करून जातो. दोन्हीकडे नजर जाईल तिथवर दलदलीचं माळरान, मधूनच रस्त्यावर बसलेल्या मेंढ्या, आणि वारा पडला की घोंगावणारे बारीक मिज किडे, जे डोळ्यांत, कानांत शिरतात. लेर्गला पाणी आणि खाणं भरून घ्या, पुढे दुकान लवकर भेटत नाही. बेटीहिलला समुद्र दिसतो आणि आता आलंच असं वाटतं, पण थर्सोपर्यंतचा किनारा सारखा खालीवर होतो. ताकद राखून ठेवा.

जॉन ओ'ग्रोट्सला रेल्वे नाही. जवळची स्थानकं विक आणि थर्सो. दिवसाला मोजक्याच गाड्या आणि त्यात सायकलीला अगदी थोड्या जागा, तेव्हा परतीचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा.

जॉन ओ'ग्रोट्सच्या दिशादर्शक खांबाजवळचा फोटो त्याच संध्याकाळी सगळ्यांना पाठवा. "पूर्ण झालं की देतो" म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्या देणग्या याच आठवड्यात येतात, म्हणून निधीचं पान आणखी महिनाभर उघडं ठेवा. ते बंद झालं की एकूण रक्कम, गिफ्ट एडची भर आणि संस्थेचं पोचपत्र प्रत्येक देणगीदाराला पाठवा, पाच पौंड देणाऱ्यालाही, नावानिशी आभार मानून.