स्लजमधलं (सांडपाणी प्रक्रियेत उरलेल्या गाळातलं) पाणी निघत नाही? आधी हे बघा
आमच्या जळगावकडे मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा ड्राइंग बेडवरचा (वाळवायच्या वाळूच्या वाफ्यावरचा) स्लज लवकर तडकतो, पावसाळ्यात मात्र तोच बेड चिखल धरून बसतो, म्हणून भाऊ नुसत्या उन्हाच्या भरवशावर राहू नका. थर 20 ते 30 सेंमीच टाका, लोक घाईत फूटभराच्या वर ओततात मग वरून पापडी धरते न खाली ओलं ते ओलंच.

प्रेस (कापडातून दाबून पाणी काढणारं यंत्र) किंवा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून पाणी काढणारं) असेल तर खरा खेळ पॉलिमरचा. स्लजचे बारीक कण एकमेकांना ढकलतात, पॉलिमर त्यांना धरून गोळे बांधतो आणि मोकळं पाणी सुटतं. पॉलिमरची पावडर पाण्यात 0.1 ते 0.2 टक्क्याची भिजवा, अर्धा-पाऊण तास हळू फिरवा, गुठळी राहिली तर पैसे पाण्यात. मग दोन मग घ्या, स्लजमध्ये हे पॉलिमरचं पाणी थोडं थोडं टाकत या मगातून त्या मगात चार-पाचदा ओता, गोळे टिकले न मधलं पाणी नितळ दिसलं की डोस बरोबर. जास्त डोस म्हणजे जास्त पाणी असं अजिबात नाही, चिकट होऊन कापडच बुजतं. गोळे झाल्यावर जोरात ढवळलं किंवा फास्ट पंपाने ढकललं तरी फुटतात.

एरेशनचा (हवा सोडून जिवाणू वाढवलेल्या टाकीतला) स्लज नुसता दाबून कोरडा होत नाही, जिवाणूंच्या पेशीत अडकलेलं पाणी असतं ना. तरी त्यातला घन भाग 2 टक्क्यांवरून 20 वर नेला तरी ट्रॉल्या दहाच्या जागी एकच लागते.