भिंतीवरची बुरशी काढताना घरातल्या रुग्णाची काळजी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांत पावसाळा सरता सरता ओल आलेल्या भिंतींवर बुरशी धरते. ती काढण्यापूर्वी घरात केमोथेरपी घेणारी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेली व्यक्ती असल्यास, काम संपून खोली हवेशीर होईपर्यंत तिला तिथे येऊ देऊ नये.

अ‍ॅस्परजिलस या ओल्या भिंतींवरही वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे असल्याने श्वासावाटे थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. निरोगी शरीरात तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात. तरीही एखादा बीजाणू फुगून रुजू लागलाच, तर त्याच्या बाहेरच्या भित्तिकेतील बीटा-ग्लुकान हे शर्करेचे संयुग उघडे पडते, भक्षक पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही (ओळख पटवणारे प्रथिन) ते ओळखतो आणि रक्तातून धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बीजाणूतून फुटलेल्या, गिळता न येणाऱ्या लांब तंतूंवरही हल्ला चढवतात. केमोथेरपीने न्यूट्रोफिल रोडावतात, स्टेरॉइडने भक्षक पेशींची मारकशक्ती मंदावते.

डाग कोरड्या झाडूने झटकू नयेत, कारण त्याने बीजाणू खोलीभर उडतात. एन-९५ मास्क व हातमोजे घालून डाग साबणाच्या पाण्याने भिजवावेत, ओल्या फडक्याने पुसावेत आणि फडके पिशवीत बांधून टाकावे. गळती न थांबवता वर रंग चढवणे हा निव्वळ पैशांचा अपव्यय होय.

रुग्णाच्या रक्ततपासणीत न्यूट्रोफिलची संख्या प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली असताना ताप आल्यास, खोकल्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.