महापालिकेची जीबी गॅलरीतनं कशी बघायची (कोल्हापूरकरांसाठी)

पाच वर्षांच्या वर कोल्हापुरात महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची जनरल बॉडी, बोलताना जीबी, झालीच नाही. 2020 च्या नोव्हेंबरात जुन्या सभागृहाची मुदत संपली आणि तिथनं पुढं प्रशासक, म्हणजे ठराव करणारा पण तोच आणि अंमल करणारा पण तोच, सही झाली की विषय संपला. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 81 जणांचं सभागृह परत आलंय, त्यामुळं जीबी म्हणजे नेमकं काय ते कधी बघितलंच नाही अशी पोरं आता मतदार झालीत, आणि ज्यांनी बघितलंय त्यांना पण फक्त राडाच आठवतोय. तर ही जीबी जाऊन बघायची कशी आणि बघताना लक्ष कुठं ठेवायचं ते लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, आवाज जिथं चढतो तिथं बहुतेक वेळा काही ठरत नसतं, आणि ठरतं ते असं गुपचूप की तुम्ही मोबाईल बघत असला तर गेलंच.

जायला परवानगी लागते का हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. महापालिका कायद्यात सभा लोकांसाठी खुली असते असं स्पष्ट आहे, एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर हजर सदस्यांनी बहुमतानं तसं ठरवावं लागतं. म्हणजे तुम्ही कुणाच्या मेहेरबानीवर जात नाही. फक्त गॅलरीत जागा मोजकी असते आणि त्यातली निम्मी कार्यकर्त्यांनी धरलेली असते, विशेषतः त्या दिवशी आपल्या गल्लीचा विषय असला तर. म्हणून आदल्या दिवशी नगरसचिव (सभेचं कामकाज बघणारा अधिकारी) कार्यालयात जाऊन सभा किती वाजता आहे, पास वगैरे काही लागतो का, एवढं विचारून ठेवा. भाऊसिंगजी रोडला गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, शिवाजी चौकात उतरून चालत जा. गॅलरीतनं टाळ्या वाजवायच्या नाहीत, घोषणा द्यायच्या नाहीत, मधी बोलायचं तर अजिबात नाही, महापौर बाहेर काढायला सांगू शकतात आणि मग तुमचा अख्खा दिवस फुकट.

रजा टाकून जाणार असला तर एक गोष्ट आधी बघा, कुणी मोठं माणूस वारलंय का. सुरुवातीला शोकप्रस्ताव असतात आणि कधीकधी श्रद्धांजली वाहून सभाच तहकूब करतात, मग सगळा विषय पुढच्या तारखेला. गणपूर्तीचं, म्हणजे सभा चालायला कमीत कमी किती सदस्य हजर पाहिजेत त्याचं, पण तसंच. एकूण सदस्यांच्या एक तृतीयांश लागतात, म्हणजे आपल्याकडं 27. ऐकायला सोपं वाटतं, पण दुपारच्या जेवणानंतर खुर्च्या मोजून बघा. एखाद्याला विषय लांबवायचाच असला की तो उठून म्हणतो, महापौर महोदय गणसंख्या बघा, आणि बरेचदा त्याचीच माणसं दोन मिनिटांपूर्वी चहाला गेलेली असतात.

आता मुख्य काम, अजेंडा. तो नसला तर जाऊ नका, खरंच सांगतो, नुसता तमाशा बघून याल. साधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते आणि तिच्याबरोबर विषयपत्रिका नगरसेवकांच्या घरी पोचते. आता चार सदस्यांचे प्रभाग झालेत (एक पाचाचा आहे), म्हणजे तुमच्या भागात चार जणांकडं तो कागद आहे, त्यातला एक तरी व्हॉट्सॲपला फोटो टाकेलच, आणि चारी जण टाळाटाळ करायला लागले तर नगरसचिवांकडं मागा.

अजेंडा हातात आला की वरनं खाली वाचू नका. प्रत्येक विषयाचा शेवट आधी बघा. सरकारी मराठीत अख्खा परिच्छेद एकच वाक्य असतं आणि क्रियापद पार शेवटी दडलेलं असतं, "अवलोकनार्थ" असलं तर नुसतं बघायला ठेवलंय, "मंजुरी मिळणेबाबत" असलं तर पेन्सिलनं खूण करा, आणि "कार्योत्तर मंजुरी" दिसलं तर दोन खुणा करा, कारण त्याचा अर्थ काम होऊन गेलंय, पैसे गेलेत किंवा जाणार आहेत, आता फक्त शिक्का पाहिजे. कार्योत्तर म्हटलं की घोटाळाच असं नाही, 2019 आणि 2021 च्या महापुरात कोण मीटिंग बोलावून पंप भाड्यानं घेत बसणार, तातडीच्या खर्चासाठी महापालिका कायद्याच्या कलम 67(3)(क) मध्ये आयुक्तांना अधिकारच आहे. पण पूर नाही, साथ नाही आणि तरी कार्योत्तर, मग कुणीतरी उठून विचारायला पाहिजे की घाई कशाची होती.

दुसरी खूण आरक्षणाच्या विषयांना, म्हणजे शहराच्या विकास योजनेत मैदान, बाग असल्या कामासाठी राखून ठेवलेल्या जागांच्या. कोल्हापूरच्या सभागृहात खरा जीव कशात असतो म्हणाल तर जागेत. उदाहरण म्हणून समजा अजेंड्यात असं आहे: "ई वॉर्ड, रि.स.नं. अमुक पैकी क्षेत्र, मंजूर विकास योजनेतील क्रीडांगण हे आरक्षण वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणेकामी एमआरटीपी ॲक्ट 1966 चे कलम 37 अन्वये कार्यवाही करणेस मंजुरी मिळणेबाबत." एका दमात वाचलं तर काहीच कळत नाही, म्हणून तुकडे करा. एमआरटीपी ॲक्ट म्हणजे राज्याचा नगररचनेचा कायदा. ई वॉर्ड हा सर्व्हेचा वॉर्ड, तुमच्या निवडणुकीच्या प्रभागाशी त्याचा संबंध नाही, यात भले भले गंडतात. रि.स.नं. म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर, जागा कुठली ते, नगररचना विभागातल्या विकास योजनेच्या नकाशावर तो नंबर शोधला की कळतं की अरे हे तर आपल्या मागचं ग्राउंड. "वगळून" म्हणजे ग्राउंड गेलं. आणि "रहिवास विभागात" म्हणजे तिथं बिल्डिंग येणार. अशा तीन ओळींच्या विषयावर सभागृहात कधी कधी एक शब्द पण बोलला जात नाही, नंबर वाचला, मंजूर मंजूर, पुढचा. ढपला (पैसे खायचा प्रकार) पडला असेल तर तो असल्याच तीन ओळीत असतो, खुर्च्या आपटण्यात नसतो.

आणि हे पण लक्षात ठेवा की जीबीत मंजूर झालं म्हणजे आरक्षण तिथल्या तिथं उठलं असं होत नाही. कलम 37 खाली जाहीर नोटीस काढून एक महिना हरकती सूचना मागवाव्या लागतात आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा असतो. म्हणजे गॅलरीत बसून चिडचिड करण्यापेक्षा तारीख लिहून घ्या आणि नोटीस कधी निघतेय त्याच्यावर डोळा ठेवा, गल्लीतल्या चाळीस जणांच्या सह्यांची हरकत त्या महिन्यात गेली तर तिची दखल घ्यावी लागते, नंतर गेली तर कचऱ्यात. कलम 127 चा विषय वेगळा, त्यात जागामालकानं नोटीस दिलेली असते की इतकी वर्षं आरक्षण टाकून ठेवलंय, घेताय की सोडताय, आणि महापालिकेनं 24 महिन्यात संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं. असला विषय "पुढील मीटिंग" म्हणून ढकलला की बाहेर सगळे म्हणतात बरं झालं वाचलं ग्राउंड, पण घड्याळ चालूच असतं, आणि ढकलणाऱ्याला ते चांगलं माहीत असतं.

टेंडरचं मात्र जीबीत फार शोधू नका. रस्त्याचा ठेका, औषध खरेदी, असली टेंडरं स्थायी समितीत जातात, 16 जणांची समिती, दर वर्षी निम्मे निवृत्त होतात आणि त्या निवृत्तीच्या आसपास सगळ्या गटात रुसवेफुगवे का होतात ते आता तुम्हाला कळलं असेल. जीबीकडं येतं ते धोरण, बजेट, घरफाळ्याचे दर, जागा भाड्यानं द्यायच्या की नाही, नावं द्यायची, हद्दवाढीसारखे सरकारला पाठवायचे ठराव. हद्दवाढीवर तर 1972 ला महापालिका झाल्यापासून बोलणं चालूच आहे, त्यावर पुन्हा चर्चा निघाली तर निवांत चहा पिऊन या.

सभा सुरू झाली की पहिला तासभर बहुतेक पाणी आणि कचरा. मॅडम आमच्या भागात चार दिवस पाणी नाही, जलअभियंता कुठं आहेत, उभं राहून उत्तर द्या, वगैरे. काळम्मावाडी धरणाची थेट पाईपलाईन 2023 ला आली तरी टाकीतनं नळापर्यंतचा प्रश्न आहे तिथंच आहे, त्यामुळं राग खरा असतो. पण यातनं ठराव होत नाही. ऐकायचं असलं तर फक्त अधिकाऱ्याचं उत्तर ऐका, "आठ दिवसात करतो" असं तो रेकॉर्डवर बोलला तर ते वाक्य आणि तारीख लिहून घ्या, पुढं तुमच्या अर्जात जसंच्या तसं घालता येतं. आयुक्त सभेत बसतात, खुलासा करतात, पण त्यांना मत नसतं.

मग विषय सुरू होतात आणि इथनं पुढं मान वर करायची नाही. नगरसचिव नंबर वाचतात, एक जण सूचक, एक अनुमोदक, आणि महापौर मंजूर म्हणतात. तुमच्या कागदावर नंबरपुढं पाचपैकी काय झालं ते लिहा: मंजूर, नामंजूर, उपसूचनेसह (मूळ विषयात सुचवलेला बदल धरून) मंजूर, पुढील मीटिंग, का दप्तरी दाखल. शेवटचं म्हणजे विषय मेला, फक्त अंत्यविधी सभ्यपणे झाला. सगळ्यात जास्त कान द्यायचा तो उपसूचनेला. मूळ विषय असतो एका बागेच्या दुरुस्तीचा आणि उपसूचनेत भलत्याच चार जागा घुसतात, ती वाचली जाते भरभर किंवा नुसता कागद वर दिला जातो, "उपसूचना दिली आहे महोदय" म्हणत. विरोधी बाकांवरचे ती मोठ्यानं वाचायला लावतात तेव्हा त्यांना दंगा घालणारे म्हणू नका, त्या दिवशीचं सगळ्यात कामाचं काम तेच असतं.

आवाजी मतदानावर कुणी हरकत घेतली तर पोल मागतात, मग एकेकाचं नाव घेऊन मत, बरोबरीत सुटलं तर महापौरांचं जादा मत. पोल झाला तर नावासकट लिहून घ्या. आपला नगरसेवक बाहेर काय बोलतो आणि आत हात कुठं वर करतो ते दुसरीकडं कुठं कळत नाही, आणि तटस्थ राहिलेले, किंवा नेमके पोलच्या वेळी बाथरूमला गेलेले, ते तर लिहाच.

शेवटी आयत्या वेळचे विषय. तोपर्यंत गॅलरी रिकामी झालेली असते, पत्रकार पण बातमी पाठवायला खाली गेलेले असतात. कायद्यानं ही सोय तातडीच्या कामापुरती आहे, पण अजेंड्यावर नसलेला, कुणी अभ्यास न केलेला विषय आणायला याच्याइतकी चांगली वेळ नाही. जेवण चुकलं तरी चालेल पण उठू नका.

तुमचा स्वतःचा विषय असेल, म्हणजे गटर, दिवाबत्ती, मैदानावरचं अतिक्रमण, तर तुम्हाला सभेत बोलता येत नाही, नगरसेवकानंच मांडावा लागतो. निवेदन एकाला देऊ नका, प्रभागातल्या सगळ्यांना द्या, नाहीतर प्रत्येक जण म्हणतो ते त्याच्याकडं आहे. एक पानाचं करा, वर जागा आणि काय पाहिजे ते एका ओळीत, आणि एक प्रत गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी का ताराराणी मार्केट, जे तुमचं विभागीय कार्यालय असेल तिथं देऊन आवकचा शिक्का घ्या. शिक्का नसलेलं निवेदन कुणी दिलेलंच नसतं.

सभेनंतर लगेच ठरावाच्या मागं लागू नका, लिहून यायला वेळ लागतो. ठराव नंबर आणि तारीख मिळाली की नक्कल मागा, तोंडी देत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयाचा अर्ज, पानाला 2 रुपये, 30 दिवसांची मुदत. आलेली नक्कल तुमच्या त्या दिवशीच्या कागदाशी ताडून बघा. मंजूर झालेला ठराव पण अडू शकतो, आयुक्तांना बेकायदेशीर वाटला तर ते महापालिका कायद्याच्या कलम 451 खाली सरकारकडं विखंडित, म्हणजे रद्द, करायला पाठवतात, मग तो मुंबईत पडून राहतो. आणि सभागृहालाच तो फिरवायचा असेल तर तीन महिन्यांच्या आत एकूण सदस्यांच्या निम्म्यांचा पाठिंबा लागतो, म्हणजे 81 मध्ये 41.

नकलेत आणि तुमच्या कागदात फरक निघाला, समजा बोलले होते "तपासून निर्णय घ्यावा" आणि लिहिलंय "मान्यता देण्यात येते", तर गप्प बसायचं नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त (कामकाजाची लेखी नोंद) कायम करायचा विषय पुढच्या जीबीला अजेंड्यावर अगदी वर असतो, लोक खुर्चीत बसेपर्यंत तो होऊन पण जातो. सभेच्या आधी तुमच्या नगरसेवकाला दोन्ही कागद दाखवा, फरकाच्या ओळीखाली रेघ मारून, आणि कायम करायच्या आधी उठून हरकत नोंदवायला सांगा.