ग्राफिक्स लायब्ररी लिनक्सवरून विंडोज आणि मॅकवर नेताना

सांगलीच्या विश्रामबागेतील आमच्या छोट्या कार्यालयात खोक्यांवरची लेबले आखणारी एक द्विमितीय ग्राफिक्स लायब्ररी (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार फंक्शनांचा संच) सी भाषेत, लिनक्सवर तयार झाली. परंतु तासगावच्या ज्या बेदाणा व्यापाऱ्यांसाठी ती केली त्यांच्याकडे विंडोजचे संगणक होते आणि लेबलांची मांडणी करणाऱ्या सहकारी मॅकवर काम करीत होत्या. रेषा, वर्तुळे आणि रंग भरण्याचे गणित तिन्हीकडे सारखेच असते. अडचण येते ती लायब्ररी आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्या सीमेवर, आणि म्हणून पहिले काम ती सीमा नेमकी आखण्याचे आहे.

लायब्ररीच्या गाभ्याने फक्त मेमरीतील एका पट्ट्यावर, म्हणजे पिक्सेलांचे रंग साठवणाऱ्या जागेवर, चित्र काढावे. विंडो, माऊस, घड्याळ, फाइलचा मार्ग यांतले काहीही त्याला ठाऊक असू नये. या गोष्टींसाठी आठ-दहा फंक्शनांचा पातळ थर करावा, प्रत्येक सिस्टिमसाठी त्याची स्वतंत्र फाइल ठेवावी आणि त्यांतील कोणती बांधायची ते सीमेक या बांधणीच्या साधनाकडून ठरवून घ्यावे. फाइलीफाइलीत ‘इफडेफ’ (सिस्टिमनुसार कोडचा भाग घेण्याची वा वगळण्याची सूचना) पेरण्याचा मोह सुरुवातीला फार होतो, पण सहा महिन्यांनी तो कोड लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही.

पट्ट्याचे वर्णन करताना रुंदी आणि उंची पुरेशी नसते. एका ओळीचे बाइट किती आणि रंगांचा क्रम कोणता, हेही सोबत न्यावे लागते. विंडोजच्या बिटमॅपमध्ये प्रत्येक ओळ ४ बाइटांच्या पटीत बसवलेली असते, त्यामुळे २४ बिटांच्या, १०१ पिक्सेल रुंद चित्राची ओळ ३०३ नव्हे तर ३०४ बाइटांची होते. हा एक बाइट विसरला की चित्र तिरपे सरकते आणि रंगही ओळीगणिक बदलत जातात. त्याच बिटमॅपमध्ये उंची धन असल्यास ओळी खालून वर साठवल्या जातात. चित्र उलटे दिसले तर ती उंची ऋण करून द्यावी. मॅकच्या कोअर ग्राफिक्स या चित्र काढणाऱ्या यंत्रणेतही आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो. विंडोजचा रंगक्रम निळा, हिरवा, लाल असा आहे, आणि तो चुकला आहे का हे पाहण्यासाठी आम्ही हळदीच्या पोत्याचे लेबल वापरतो, कारण लाल-निळ्याची अदलाबदल झाली की हळदीचा पिवळा थेट आकाशी होतो. करड्या रंगाच्या चाचणीत ही चूक कधीच सापडणार नाही.

यानंतर भाषेतील प्रकार तपासावेत. ६४ बिटांच्या लिनक्सवर आणि मॅकवर ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ६४ बिटांचा असतो, तर विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहतो. म्हणून फाइलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक संख्येचा आकार बिटांत निश्चित केलेला असावा. अक्षरमाला (स्ट्रिंग) आत सर्वत्र यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ठेवाव्यात आणि विंडोजच्या उंबरठ्यावरच यूटीएफ-१६ मध्ये बदलाव्यात, अन्यथा ‘बेदाणा’ नावाच्या फोल्डरमधील फाइल उघडतच नाही. चित्रांच्या फाइली नेहमी बायनरी पद्धतीने, म्हणजे बाइटांत काहीही बदल न होऊ देता, उघडाव्यात. आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: विंडोजची मुख्य हेडर फाइल ‘निअर’ आणि ‘फार’ ही नावे मॅक्रो (कंपायलरआधीच बदलले जाणारे शब्द) म्हणून स्वतःसाठी घेऊन बसते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या रचनेत हीच नावे दिलेली असतील तर कंपायलर भलत्याच ओळीवर तक्रार करतो. आमची एक अख्खी दुपार त्यात गेली.

जीपीयू (चित्रांसाठीचा वेगळा प्रोसेसर) वापरायचाच असेल तर दोन मर्यादा आधी समजून घ्याव्यात. विंडोजसोबत येणारी ओपनजीएलची (जीपीयूकडून चित्र काढून घेण्याच्या फंक्शनांच्या एका प्रमाण संचाची) फाइल आवृत्ती १.१ पर्यंतचीच फंक्शने थेट देते. पुढची सर्व फंक्शने कॉन्टेक्स्ट (ओपनजीएलची चालू स्थिती) तयार झाल्यावर ड्रायव्हरकडून पत्ता विचारून घ्यावी लागतात. ॲपलने २०१८ मध्ये मॅकवरील ओपनजीएल कालबाह्य ठरवले आणि ते ४.१ वरच थांबले आहे. वल्कन हा दुसरा संच निवडल्यास मॅकवर मोल्टनव्हीके ही लायब्ररी त्याचे ॲपलच्या स्वतःच्या मेटल या संचात रूपांतर करते. लेबलासारख्या स्थिर चित्राला मात्र प्रोसेसर पुरेसा आहे, आणि माझ्या मते पहिल्या पोर्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमवर नेलेल्या पहिल्या आवृत्तीत, जीपीयूला हात लावू नये.

मराठी मजकूर प्रत्येक सिस्टिमच्या स्वतःच्या सोयीवर सोपवला तर ओळींची रुंदी तिन्हीकडे वेगळी येते आणि मजकूर चौकटीबाहेर जातो. त्याऐवजी हार्फबझ (अक्षरांची जुळणी करणारी लायब्ररी) आणि फ्रीटाइप (फाँटमधील अक्षरे रेखाटणारी लायब्ररी) सोबत बांधावेत व नोटो सॅन्स देवनागरीसारखा मुक्त परवान्याचा फाँट लायब्ररीबरोबरच द्यावा. चाचणीसाठी ‘मिरज’, ‘कर्नाळ’ आणि ‘विश्रामबाग’ हे तीन शब्द पुरतात: पहिल्यात वेलांटी ‘म’च्या आधी यायला हवी, दुसऱ्यात रफार ‘ना’वर बसायला हवा, तिसऱ्यात ‘श्र’ जोडलेला दिसायला हवा.

शेवटी लिनक्सवर काढलेली चित्रे प्रमाण मानून इतर दोन सिस्टिमवरील चित्रांशी पिक्सेलनिशी ताडून पाहावीत. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरच्या मॅकवर कंपायलर गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करू शकतो, त्यामुळे अपूर्णांकाचा शेवटचा अंक बदलतो. कडांच्या पिक्सेलांत एका-दोन पातळ्यांचा फरक चालवून घ्यावा, त्याहून अधिक नाही. पडद्यावरची चाचणी उतरली तरी १०० मिलिमीटरची एक रेषा कागदावर छापून पट्टीने मोजावी. ती ७५ किंवा १३३ मिलिमीटर भरली, तर विंडोजचे इंचाला ९६ आणि मॅकचे इंचाला ७२ हे माप कुठेतरी एकमेकांत मिसळले आहे असे समजून शोध तिथूनच सुरू करावा.